मोटरसाठी जुनी सायकल निवडताना: नागपूर, जानेवारी ते एप्रिल २०२५

नागपुरात अजून कितीतरी जुन्या घरांत जिन्याखाली नाहीतर मागच्या अंगणात एक काळी, २८ इंची, सळीच्या ब्रेकची सायकल उभी असते. तशीच एखादी घेऊन, अडीचशे वॉटची मोटर बसवून रोज वापरायची असं ४ जानेवारीला ठरलं. सायकल रस्त्यावर आली २३ मार्चला. मोटर, बॅटरी आणि मोटरला वीज किती जाईल ते ठरवणारा कंट्रोलर पैसे भरले की घरपोच येतात आणि वायरी कुठे जोडायच्या ते किटच्या कागदावर असतं. कोणती सायकल नाकारायची ते मात्र कुठे छापलेलं मिळत नाही. पाच आठवडे त्यातच गेले, म्हणून इथे जास्त मजकूर त्याचाच आहे.

सायकल शोधायच्या आधी कायदा पाहून घ्यावा. मोटर कोणती हे कायद्यावर ठरतं आणि सायकल कोणती हे मोटरवर. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(२८) प्रमाणे चारपेक्षा कमी चाकं आणि २५ सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर ते मोटार वाहन धरत नाहीत. बाजारात ‘सायकल इंजिन’ म्हणून पेट्रोलचं जे किट मिळतं ते बहुतेक ८० सीसीचं, टू-स्ट्रोक. ते बसवलं की नोंदणी, विमा, लायसन्स सगळं मागे लागतं. नोंदणीच्या फॉर्म २० सोबत विक्रेत्याचा फॉर्म २१ आणि उत्पादकाचा फॉर्म २२ जोडावा लागतो, आणि घरी जोडलेल्या गाडीला हे दोन फॉर्म देणार कोण? पेट्रोलचा विषय तिथेच मिटला.

विजेच्या सायकलसाठी केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम २(यू) वाचावा. मोटरची ३० मिनिटांची शक्ती ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, पायडल-असिस्ट (पायडल मारलं तरच मोटरची मदत) असेल तर पायडल थांबताच किंवा २५ चा वेग गाठताच मोटर बंद, ब्रेक धड, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. एवढं असेल तर ते मोटार वाहन नाही. मेख पुढे आहे. हे सगळं नियम १२६ मधल्या चाचणी संस्थेने, उदाहरणार्थ पुण्याच्या एआरएआयने, तपासून मान्य केलेलं असावं असं त्याच नियमात लिहिलं आहे. कंपन्या आपापल्या मॉडेलसाठी तो दाखला घेतात, एकट्या सायकलसाठी कोणी घेत नाही. ७ जानेवारीला आरटीओच्या चौकशी खिडकीवर पाऊण तास उभं राहून एवढंच कळलं की अशा सायकलसाठी वेगळा अर्ज नाही. म्हणजे घरी जोडलेली सायकल अटी पाळू शकते, दाखला दाखवू शकत नाही. हे समजून-उमजूनच पुढे जावं. ज्यावर ‘२५० वॉट’ छापलं आहे असं मोटरचं बिल जपून ठेवावं, मोटरवरचं स्टिकर खरवडू नये आणि कंट्रोलरमध्ये वेगाची मर्यादा २५ च्या आतच ठेवावी.

आता सायकल. २८ इंची देशी सायकलच का? कारण तिचा सांगाडा जाड पोलादी नळ्यांचा, लगमध्ये, म्हणजे सांध्यावरच्या पोलादी बाहीत, बसवून पितळी झळाईने जोडलेला असतो. पोलाद वाकवून सरळ करता येतं, कानशीने घासता येतं, गरज पडली तर पुन्हा झळाई करता येते. ॲल्युमिनिअमला यातलं काहीच सोसत नाही. शिवाय २२ किंवा २४ इंची फ्रेमच्या (२८ हे चाकाचं माप, २२-२४ हे फ्रेमचं) मधल्या त्रिकोणात बॅटरीला ऐसपैस जागा असते. सोनीपतची ॲटलस, लुधियानाची हिरो, चेन्नईच्या टीआयची हर्क्युलिस, आसनसोलची सेन-रॅले, नाव कुठलंही असो, मापं जवळपास सारखी. बेअरिंगचे छर्रे, कोन, कप, क्रँक (पायडलचा दांडा) आसाला पक्की करणाऱ्या कॉटर पिना आजही इतवारीत मिळतात.

बघायला जाताना पिशवीत सहा वस्तू: व्हर्निअर (मिलीमीटरचं बारीक माप घेणारी पट्टी), मापाची टेप, टॉर्च, दहा फूट सुतळी, कागदात गुंडाळलेलं लोहचुंबक आणि एक रिंग पाना. विकणारा कितीही घाई करो, या सहाही वापरल्याशिवाय पैशाचं बोलू नये.

चुंबक रंगावरून सावकाश फिरवायचं. जिथे ते एकदम सैल पडतं तिथे रंगाखाली लोखंड नाही, पुट्टी आहे. खालच्या दांड्याला, हँडलच्या नळीपासून दोन-तीन बोटं खाली, अंगठा फिरवून बघायचा. तिथे रंगाला बारीक सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल कधीतरी समोरून जोरात आदळली आहे. सुतळी मागच्या चाकाचा आस ज्यात बसतो त्या दोन खाचांपैकी एकीला बांधून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणायची. मग सीटखालच्या दांड्यापासून दोन्ही बाजूंच्या सुतळीचं अंतर मोजायचं. फरक ३ मिलीमीटरपेक्षा जास्त असेल तर फ्रेम एका बाजूला गेलेली आहे. शेवटी सीट काढून टॉर्चने नळीत बघायचं आणि बीबीचा डबा, म्हणजे पायडलचा आस जिथून जातो तो, खालून पान्याच्या टोकाने ठोकायचा. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर आत गंज किंवा चिखल. पावसाचं सगळं पाणी शेवटी तिथेच उतरतं.

पहिली सायकल १२ जानेवारीला, धरमपेठेत. नॉटिंगहॅमची रॅले, चेनच्या मोठ्या चक्रात बगळ्याची डोकी, मागे स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा हब (चाकाच्या मध्यातला भाग) आणि त्यावर ‘५८ २’ असे आकडे, म्हणजे फेब्रुवारी १९५८. किंमत १४,००० रुपये. मोह होतोच, पण मोटरसाठी ही सायकल घेऊ नये. या रॅलेच्या बीबीचे आटे इंचाला २६ असतात आणि आपल्याकडे मिळणारे कप २४ आट्यांचे, त्यामुळे एक कप खराब झाला की काम अडतं. आणि मोटरसाठी चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा भाग, घासावाच लागतो. जी सायकल आहे तशीच ठेवून जास्त मोलाची आहे तिला कानस लावू नये.

त्याच दिवशी महालात एक लेडीज सायकल दोन मिनिटांत सोडली. वरचा दांडा नाही, म्हणजे बॅटरी कॅरिअरवर जाणार. तीन किलो वजन मागे आणि उंच बसलं की सायकल उभी करतानाच कलंडते. मग संक्रांत आली. त्या आठवड्यात नागपुरात सायकलवर फिरायचंच असेल तर गळ्याला मफलर घट्ट गुंडाळून फिरावं. नायलॉन मांजावर बंदी असली तरी तारांवरून लोंबतच असतो.

१९ जानेवारीला कामठी रोडवर भंगारातली एक, मागितले ९०० रुपये. रंग नवाकोरा. भंगारातल्या सायकलला नवा रंग दिसला की आधी चुंबक काढावं. खालच्या दांड्यावर ते चार इंच सैल पडलं आणि वर अंगठ्याला सुरकुतीही लागली. २६ तारखेला काटोल रोडकडची दूधवाल्याची सायकल पाहिली. अशा सायकली वजनासाठी मजबूत केलेल्या असतात, म्हणून आशा होती. चिमटा उत्तम निघाला, पण सीटच्या लगखाली केसाएवढी चीर होती. चीर नीट दिसावी म्हणून तिथे थोडं रॉकेल लावून पुसायचं आणि वर खडूची पूड चोळायची. दहा मिनिटांत काळी रेघ उमटते. ती उमटली. या टप्प्यावर वाटायला लागतं की आपण उगाच चिकित्सा करतोय, पुढची जशी असेल तशी घेऊन टाकू. तेवढं वाटून घ्यावं आणि आणखी एक रविवार जाऊ द्यावा.

९ फेब्रुवारीला वाडीकडे, आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या एका काकांकडे, २२ इंची फ्रेम पाहिली. रंग उडालेला, सीट फाटलेली, टायर वाळून भेगाळलेले. पण सुतळीचा फरक १ मिलीमीटर, चुंबक सगळीकडे चिकटलं, बीबी खणखणीत वाजला. वर १९८३ चं मूळ बिल होतं आणि त्यावर फ्रेम नंबर. सोबत आलेल्या सायकल मिस्त्रींनी चिमटा दोन्ही हातांनी फाकवून पाहिला आणि म्हणाले, “भाऊ, ही चालवाले घेऊन राहिले का घरात सजवाले? चालवाले असन तर हीच घ्या.” २,२०० रुपयांत व्यवहार झाला.

कागद इथेच करून घ्यावा. सायकलला आरसी नसते, त्यामुळे मालकी सांगणारी एकच गोष्ट म्हणजे पावती. चोरीचा माल घेतल्याचा आळ आला तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ लागतं आणि तिथे ‘मला काय माहीत’ हे फार लांब जात नाही. साध्या कागदावर तारीख, रक्कम, फ्रेम नंबर, दोघांच्या सह्या आणि विकणाऱ्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स एवढं पुरतं. रक्कम ५,००० च्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावावं. फ्रेम नंबर बहुधा सीटच्या लगवर किंवा बीबीच्या खाली असतो. रंगाखाली बुजला असेल तर कागद ठेवून शिसपेन्सिल घासावी, आकडे उमटतात. नंबर घासून काढलेला दिसला तर सायकल कितीही चांगली असो, परत फिरावं.

मोटर पुढे बसवायची की मागे, याचं उत्तर सायकलची मापंच देतात. आपल्या एका चेनच्या सायकलची मागची खाच ते खाच आतली रुंदी ११० ते ११५ मिलीमीटर भरते. मागच्या हब मोटरला १३५ लागते. वीस-पंचवीस मिलीमीटर फाकवायचं म्हणजे चेनची रेषा गेली, चेनकव्हर गेलं, मागचा स्टँडही हलला. पुढच्या मोटरला १०० लागते आणि पुढचा चिमटा या सायकलवर ९२ भरला. आठ मिलीमीटर पोलाद सहज देतं. पुढे मोटर घेतली की मागचं चाक, फ्रीव्हील, चेन, ब्रेक सगळं जसंच्या तसं राहतं. चढावर पुढचं चाक थोडं घसरतं हा तोटा खरा, पण सेमिनरी हिल्स आणि उड्डाणपूल सोडले तर नागपुरात चढ आहेत कुठे? पुढची मोटर लावायची असेल तर खाचेजवळची पट्टी किमान ४ मिलीमीटर जाड हवी. इथे ती ५ निघाली. व्हर्निअर नेण्याचं खरं कारण हे एक माप.

१० फेब्रुवारीला किट मागवलं: ३६ व्होल्ट, २५० वॉटची गिअर असलेली पुढची हब मोटर, १५ अँपिअरचा कंट्रोलर, पायडल सेन्सर, डिस्प्ले, मिळून ११,४०० रुपये. इथे एक खड्डा आहे. ‘२८ इंची तयार मोटर चाक’ म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा ७००सी, म्हणजे ६२२ मिलीमीटरची रिम. आपली काळी सायकल २८ × १½, म्हणजे ६३५ मिलीमीटर. दोघांना बाजारात २८ च म्हणतात, पण एकाचं टायर दुसऱ्यावर चढत नाही आणि सळीचा ब्रेक त्या रिमला लागतही नाही. कारण त्याचे रबर रिमच्या बाजूला न घासता आतून, रिमच्या हबकडच्या पृष्ठावर, घासतात. त्यासाठी वेस्टवूड घडणीचीच रिम हवी. म्हणून नुसती मोटर घ्यावी, चाक नको.

पुढचा अडथळा छिद्रांचा. जुन्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असतात, मोटरला ३६. ३६ छिद्रांची २८ × १½ वेस्टवूड रिम नागपुरातल्या चार दुकानांत नव्हती. एका दुकानदाराने लुधियानाहून मागवून दिली, १२ तारखेला सांगितली, २५ ला आली, ६२० रुपये. किट १८ ला आलं. बॅटरी २४ ला, कारण लिथिअम बॅटरी विमानाच्या पार्सलने घेत नाहीत, रस्त्यानेच येते. ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर, चार्जरसह, १८ टक्के जीएसटी धरून ११,८०० रुपये. एकूण पार्सलखर्च ७६० रुपये.

वाट पाहण्याच्या या दोन आठवड्यांत सायकल उघडून साफ करून घ्यावी. छर्रे, कोन, कप, चेन, कॉटर आणि मजुरी मिळून १,६५० रुपये लागले. कॉटर पिना हा जुन्या सायकलचा सगळ्यात चिवट भाग. दोन दिवस आधी तेल सोडायचं. मग नट पूर्ण न काढता पिनेच्या टोकाशी बरोबरीला आणायचा, क्रँकखाली जाड पाइपचा तुकडा टेकवायचा आणि एकच कडक घाव घालायचा. टुकटुक करत बसलं की पिन मशरूमसारखी चेपते, मग ड्रिलशिवाय निघत नाही. नवी पिन बसवताना दोन्ही क्रँकच्या पिना उलटसुलट दिशेने हव्यात, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत. पायडल सेन्सर दोन भागांत उघडणारा घेतला तर क्रँक काढायची गरजच पडत नाही. अनुभवानंतरचा सल्ला म्हणून तोच घ्यावा.

१ आणि २ मार्चला चिमटा. हे काम हळू करायचं. पुढच्या आसाची जुनी जाडी ५/१६ इंच, म्हणून खाचेची रुंदी ८ मिलीमीटर. मोटरचा आस १२ मिलीमीटरचा, दोन बाजूंनी सपाट केलेला, सपाट भागात १० मिलीमीटर. म्हणजे खाचेच्या दोन्ही कडा एकेक मिलीमीटर घासायच्या, खोली अजिबात वाढवायची नाही. चिमटा उलटा करून जुन्या ट्यूबचा तुकडा घालून शिकंजात धरला. खाचेच्या कडांना मार्करने काळं केलं, म्हणजे कानस कुठे लागते आणि कुठे नाही हे दिसतं. सपाट कानस, दहा हात एका कडेला, दहा दुसऱ्या कडेला, मग मोटर उचलून आस घालून बघायचा. मोटर तीन किलोची, दर वेळी उचलून दंड भरून येतात, पण मापाऐवजी खुद्द आसच घालून पाहणं बरं. तो आत सरकला पाहिजे, पण सैल डुलता कामा नये. शेवटच्या पाव मिलीमीटरला पाऊण तास गेला. खाच सैल झाली तर मोटरचा पीळ नटावर येतो, नट सुटतो आणि आस खाचेत फिरून वायर तोडतो. धीर देणारी गोष्ट एकच: देशी चिमटा अजून नवा मिळतो, त्यामुळे हात चुकला तरी सायकल जात नाही.

फाकवायला आट्यांची सळई आणि चार नट. खाचांमध्ये सळई घालून आतले नट बाहेरच्या दिशेने फिरवायचे. ९२ चे १०० हवेत म्हणून १०० वर थांबलात तर सोडल्यावर चिमटा पुन्हा ९३ वर येतो. पोलाद परत फिरतं. थोडं पुढे न्यायचं, सैल करायचं, मोजायचं, पुन्हा. इथे ११९ पर्यंत नेल्यावर १०० राहिलं. दोन्ही पाय सारखे उघडले का हे जुनं चाक मध्ये धरून दिसतं. शेवटी खाचांमध्ये समोरासमोर दोन लांब बोल्ट कसून त्यांची टोकं एकमेकांसमोर येतात का पाहायचं. येत नसतील तर खाचा तिरप्या झाल्यात, त्या पान्याने सरळ करायच्या.

टॉर्क आर्म, म्हणजे आसाला फिरू न देणारी पोलादी पट्टी, दोन्ही बाजूंना हवीच. ६ मिलीमीटर पट्टीतून १० मिलीमीटरची खाच कापून फॅब्रिकेशनवाल्याने ३५० रुपयांत जोडी करून दिली. मडगार्डच्या तारांचे डोळे आसात अडकतात, तेही ८ चे १२ करावे लागतात. हे हमखास विसरतं आणि नेमकं रात्री लक्षात येतं.

चाक विणणं कसलेल्या माणसाकडेच द्यावं, पण स्पोकची लांबी आपण काढून न्यावी. रिमच्या दोन समोरासमोरच्या निपलच्या (रिमपाशी स्पोक आवळणाऱ्या छोट्या नटाच्या) बुडांमधलं अंतर ६२४, मोटरच्या कडेवरच्या छिद्रांच्या वर्तुळाचा व्यास १४०, कड मध्यापासून २२ मिलीमीटर. यावरून एक-क्रॉस विणीसाठी (प्रत्येक स्पोक दुसऱ्या एकाच स्पोकला ओलांडतो अशी) २४७ मिलीमीटर लांबी आली. नेहमीची तीन-क्रॉस वीण इथे चालत नाही. हब मोठा असल्यामुळे स्पोक रिमला तिरका भिडतो आणि निपलपाशी तुटतो. मिस्त्रींना हे पटवायला अर्धा दिवस गेला. शेवटी एक स्पोक तीन-क्रॉस लावून दाखवला, निपलपाशी तो कसा वाकतो हे पाहून ते म्हणाले, “हो नं, हे तं महिनाभरात तुटन.” स्पोक-निपल २९० रुपये, विणणं आणि आऊट काढणं (चाक न डुलता फिरेल असं सरळ करणं) ४००, टायर-ट्यूब जोडी १,१५०. चाक ८ मार्चला मिळालं, मग होळी-धुळवडीत बाजार बंद. जोडणी १५-१६ मार्चला.

चाक लावताना दिशा पाहावी. गिअरची मोटर एकाच दिशेने ओढते, उलटी बसली तर आत फिरत राहते आणि सायकल जागची हलत नाही. आसातून निघणारी वायर खाली वळवून मग वर न्यावी, म्हणजे पाणी वळणावरून गळून पडतं. बॅटरीसाठी फ्रेमला भोक पाडू नये. दांड्यावर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणि त्यावर क्लॅम्प. क्लॅम्प, वायर, टेप मिळून ४८० रुपये.

सळीच्या ब्रेकला अडचण वेगळी. किटमधल्या लिव्हरमध्ये मोटर बंद करणारा स्विच असतो, पण ते लिव्हर केबलच्या ब्रेकचे, इथे निरुपयोगी. त्याऐवजी चुंबकाचा कट-ऑफ सेन्सर घ्यावा. चुंबक ब्रेकच्या उभ्या सळीवर आणि सेन्सर हँडलच्या नळीवर बसवला. ब्रेक दाबला की सळी पाच-सहा मिलीमीटर वर येते आणि तेवढ्यात मोटर बंद होते. चुंबक आधी टेपने लावून दोन दिवस चालवून पाहावं, जागा पक्की झाल्यावरच चिकटवावं. नवे ब्रेक रबर, सळ्यांचे सांधे, कट-ऑफ मिळून ९०० रुपये, दिवा आणि रिफ्लेक्टर ५४०. सगळं मिळून ३२,५४० रुपये झाले.

डिस्प्लेमध्ये चाकाचं माप २८ टाकावं. २६ राहिलं तर खरा वेग सुमारे आठ टक्क्यांनी जास्त असतो आणि २५ ची मर्यादा हळूच ओलांडली जाते. पायडल न मारता मोटर चालवणारा थ्रॉटल किटमध्ये आला होता, तो डब्यातच ठेवला.

२३ मार्चला पहाटे अंबाझरी ते झिरो माइल आणि परत. पहिल्याच चौकात पायडल थांबवल्यावर मोटर सेकंदभर उशिरा बंद झाली. पायडल सेन्सर आणि त्याच्या चुंबकाच्या चकतीतलं अंतर ५ मिलीमीटर होतं, ते २ केल्यावर ठीक झाली. सिमेंट रस्त्यांच्या सांध्यांवर नव्याने विणलेलं चाक लवकर सैल होतं. दीडशे किलोमीटरला कुरकुर ऐकू आली, तेव्हा सगळे स्पोक एक पाव फेरी आवळून घेतले. हे काम सगळ्यांनाच करावं लागतं, चाकात दोष आहे असं समजू नये. आसाचे नट पहिल्या आठवड्यात रोज, मग पंधरा दिवसांनी पाहावेत. एका चार्जमध्ये पायडल मारत साधारण ३० किलोमीटर मिळतात, चार्जिंगला साडेपाच तास.

बॅटरी उन्हात उभ्या सायकलवर ठेवू नये. लिथिअम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि मे महिन्यात नागपूरची हवाच ४५ ला पोचते. बाहेरून आल्यावर बॅटरी काढून घरात दोन तास थंड होऊ द्यावी आणि चार्जिंग रात्री उशिरा किंवा पहाटे करावं. पलंगाखाली किंवा कपाटात ठेवून चार्ज करू नये.

एप्रिलच्या सुरुवातीला अवकाळी आला तेव्हा ओल्या पोलादी रिमवर सळीचे ब्रेक किती लागतात ते कळलं: जवळपास लागत नाहीत. पहिल्या दोन-तीन फेऱ्या रबर नुसतं पाणी पुसतं. पावसाळ्याआधी मागे बँड ब्रेक, म्हणजे रिमऐवजी हबपाशी पट्टा आवळणारा, बसवायलाच हवा. त्याचा हब मिळालाय, पण तो ३६ छिद्रांचा आणि मागची रिम ४० ची. लुधियानाला आणखी एका रिमची ऑर्डर गेली आहे.